इराण १९५३, तेल आणि महासत्तांची ऑफिशियल गोष्ट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इराणची काही बातमी आली की १९५३ चा विषय निघतोच आणि मग तेच तेच प्रश्न येतात, मित्र विचारतात, नात्यातली कॉलेजची पोरं विचारतात, कोणीतरी फॉरवर्ड पाठवून "हे खरंय का हो" म्हणतं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझं म्हणणं साधं आहे, मोठा देश आपल्या परराष्ट्र धोरणाबद्दल पहिल्या दिवशी जे सांगतो ते पुरावा म्हणून धरायचं नाही, कागद बाहेर येईपर्यंत तो त्यांचा दावा समजायचा, आणि जो त्या देशाच्या विरोधात बोलतो त्यालाही हाच नियम लावायचा. हे सगळं एका खऱ्या प्रकरणावरून दाखवता येतं म्हणून इराण घेतलंय.

१९५३ ला इराणमध्ये नेमकं झालं काय? थोडक्यात सांगा.

डॉ. मोहम्मद मोसद्देक इराणचे पंतप्रधान होते, संसदेतून आलेले. त्यांच्या काळात इराणने आपलं तेल ब्रिटिश कंपनीकडून काढून राष्ट्रीयीकृत केलं. १९ ऑगस्ट १९५३ ला त्यांचं सरकार पाडलं गेलं, जनरल फझलोल्ला झाहेदी पंतप्रधान झाला आणि परदेशात पळालेला शहा, म्हणजे इराणचा राजा, परत येऊन गादीवर पक्का बसला. या कारवाईमागे अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची एमआय सिक्स या गुप्तहेर संस्था होत्या. अमेरिकेच्या बाजूने कारवाईचं नाव एजॅक्स, ब्रिटिशांकडे बूट. हा आता अंदाज किंवा आरोप राहिलेला नाही, अमेरिकेनेच छापलेल्या कागदांत आहे.

तेलाचं भांडण एवढं टोकाला का गेलं?

हे समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९०१ ला विल्यम डार्सी नावाच्या माणसाला इराणच्या तेव्हाच्या शहाने तेल शोधायचा हक्क ६० वर्षांसाठी देऊन टाकला, बदल्यात नफ्यातले १६ टक्के. १९०८ ला मस्जिद सुलेमानला तेल लागलं, १९०९ ला अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली आणि १९१४ ला ब्रिटिश सरकारनेच तिच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला कारण त्यांचं आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं आणि चर्चिल तेव्हा आरमाराचा मंत्री होता. म्हणजे पुढे ज्या कंपनीशी इराणचं भांडण झालं ती नावाला कंपनी होती, मालक ब्रिटनचं सरकार. हीच कंपनी आज आपण बीपी म्हणून ओळखतो.

आता हिशोब बघा. १९४७ ला कंपनीचा टॅक्स जाऊन नफा ४ कोटी पौंड होता आणि इराणच्या वाट्याला आले ७० लाख. कंपनीची खातेवही इराणला तपासू देत नव्हते, त्यामुळे आपला वाटा बरोबर मिळतोय का हेही इराणला कळायची सोय नव्हती. अबादानला त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी रिफायनरी, गोऱ्या अधिकाऱ्यांना बंगले, बागा, क्लब, पोहायचे तलाव, आणि इराणी मजुरांची जी वस्ती होती तिला लोक कागजाबाद म्हणायचे, पत्र्याच्या आणि पिंपं ठोकून केलेल्या झोपड्या, वीज नाही, पाणी नाही. आपल्याकडूनही खूप माणसं तिथे कामाला गेली होती बरं का, क्लार्क, फिटर, मिस्त्री, ड्रायव्हर, कारण कंपनीची भरती हिंदुस्थानातून चालायची. त्यांची जागा मधली, साहेबाच्या खाली आणि इराणी मजुराच्या वर, आणि हेही कंपनीने मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

डिसेंबर १९५० ला शेजारच्या सौदीला अमेरिकन कंपन्यांनी निम्मा-निम्मा वाटा दिला. इराणी लोकांनी ते बघितलं. ब्रिटिश कंपनीने त्या वेळी वेळेवर निम्मा वाटा दिला असता तर बहुतेक पुढचं काही घडलंच नसतं असं मला वाटतं. त्यांनी अडून बसायचं ठरवलं. मार्च १९५१ ला इराणच्या संसदेने राष्ट्रीयीकरण पास केलं, एप्रिलअखेर मोसद्देक पंतप्रधान झाले.

मग ब्रिटनने काय केलं?

इराणचं तेल कोणी विकत घेऊ नये म्हणून कोंडी केली, जहाजं अडवली, कोर्टात गेले, युनोत गेले. मोसद्देक स्वतः ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत जाऊन उभे राहिले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९५२ ला हा खटला आमच्या अधिकारात येत नाही असा निकाल दिला, आणि त्या बेंचवरच्या ब्रिटिश न्यायाधीशाने, लॉर्ड मॅकनेअरने, स्वतःच्या देशाच्या विरोधात मत दिलं. या माणसाचं नाव कुणालाच माहीत नसतं, म्हणून मी मुद्दाम सांगत असतो.

कायद्याने जमलं नाही तेव्हा दुसरा रस्ता धरला. मोसद्देकना त्याचा वास लागला आणि त्यांनी ऑक्टोबर १९५२ ला ब्रिटिश वकिलातच बंद केली, हेर सगळे बाहेर. तिथून ब्रिटनला अमेरिकेची गरज लागली.

अमेरिका म्हणाली होती की कम्युनिस्टांचा धोका होता. ते खोटं होतं का?

पूर्ण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते खपलं. तुदेह नावाचा कम्युनिस्ट पक्ष होता, संघटित होता, सैन्यातही त्याची माणसं होती. शिवाय १९४६ ला स्टालिनने उत्तर इराणमधून सैन्य काढायला टाळाटाळ केली होती, ती आठवण ताजी होती. पण ट्रुमन असेपर्यंत अमेरिकेने सरकार पाडायला नकार दिला होता, त्याच कम्युनिस्टांचा तोच धोका तेव्हाही होता. जानेवारी १९५३ ला आयझेनहॉवर आले, जॉन फॉस्टर डलेस परराष्ट्रमंत्री आणि त्याचा सख्खा भाऊ अ‍ॅलन डलेस सीआयएचा प्रमुख.

एमआय सिक्सचा तेहरानमधला माणूस मॉन्टी वुडहाऊस नोव्हेंबर १९५२ ला वॉशिंग्टनला गेला होता. त्याने नंतर स्वतः लिहून ठेवलंय की तेलाचा विषय पुढे केला तर अमेरिकन म्हणतील हे आमच्या हातून स्वतःचं काम करून घेतायत, म्हणून त्याने कम्युनिस्टांच्या धोक्यावर भर द्यायचं ठरवलं. म्हणजे एकाच कामासाठी लंडनमध्ये एक कारण आणि वॉशिंग्टनमध्ये दुसरं, आणि जनतेला जे सांगितलं गेलं ते दुसरं. आणि शेवटी तेलाचं काय झालं ते बघा. १९५४ ला जी नवीन वाटणी झाली तीत बीपीला ४० टक्के, अमेरिकन कंपन्यांना मिळून ४०, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६. अमेरिकेकडे इराणच्या तेलात त्याआधी काहीच नव्हतं.

सरकार पाडतात म्हणजे प्रत्यक्षात करतात काय? सैन्य तर उतरलं नव्हतं.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण लोकांच्या डोक्यात पॅराशूटवाले सैनिक असतात. इथे पैसे, छापखाने आणि माणसं वापरली. ४ एप्रिल १९५३ ला अ‍ॅलन डलेसने १० लाख डॉलर मंजूर केले, मोसद्देक पडतील अशा कुठल्याही मार्गाने वापरा म्हणून. खासदार विकत घ्यायला आठवड्याला साधारण ११ हजार डॉलर. वर्तमानपत्रांत बातम्या आणि व्यंगचित्रं पेरली, त्यातली काही वॉशिंग्टनमध्येच बनवली होती, आणि एका पेपरमालकाला ४५ हजार डॉलर कर्ज म्हणून दिले. सीआयएचे भाडोत्री लोक कम्युनिस्ट असल्याचं भासवून मुल्लांना धमक्या द्यायचे म्हणजे धार्मिक लोक मोसद्देकवर चिडतील. हे सगळं डोनाल्ड विल्बर या प्लॅन करणाऱ्यांपैकीच एकाने १९५४ ला सीआयएसाठी लिहिलेल्या अंतर्गत अहवालात आहे.

पहिला प्रयत्न फसला होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नसीरी बडतर्फीचं शाही फर्मान घेऊन मोसद्देकच्या घरी गेला आणि तिथेच पकडला गेला. शहा घाबरून विमानाने बगदाद आणि तिथून रोमला पळाला. वॉशिंग्टनमधून तार आली की झालं ते झालं, आता आवरा. तेहरानमध्ये बसलेल्या कर्मिट रूझवेल्टने, हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा नातू, ते ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस रस्त्यावर गर्दी उतरली, शहाचे पुतळे पाडले, दुकानं फोडली, त्यातले काही पैसे देऊन आणलेले खोटे कम्युनिस्ट आणि मग त्यांच्यात खरे तुदेहवाले मिसळले, कोण कुठला काही कळेना. १८ च्या संध्याकाळी अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन मोसद्देकना भेटला, हा हेंडरसन त्याआधी १९५१ पर्यंत दिल्लीत राजदूत होता, आणि आमच्या लोकांना त्रास होतोय, असंच चाललं तर आम्ही सगळ्यांना परत नेऊ असं बजावलं. मोसद्देकनी पोलिसांना रस्ते मोकळे करायला सांगितलं, आपल्या समर्थकांना घरी बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण तेहरानच्या बाजारातून शहाच्या नावाने घोषणा देत माणसं निघाली तेव्हा त्यांना अडवायला रस्त्यावर कोणीच नव्हतं. दुपारपर्यंत सैन्याच्या तुकड्या त्यांच्यात सामील झाल्या, रेडिओ स्टेशन गेलं, आणि काख स्ट्रीटवर मोसद्देकच्या घरासमोर रणगाडे लागले, तिथे काही तास गोळीबार चालला. म्हातारा माणूस, सत्तरी उलटलेली, भिंत ओलांडून शेजारच्या घरात गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाला. त्या दिवसात दोन-तीनशे माणसं गेली असं सांगतात.

तेव्हा जगाला काय सांगितलं गेलं?

की इराणी जनता आपल्या राजासाठी आपणहून उठली. पाश्चात्य पेपरांत तसंच छापून आलं. आयझेनहॉवरने मात्र त्याच ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या डायरीत लिहिलं की आपण केलेल्या गोष्टी गुप्त होत्या आणि रूझवेल्टचा वृत्तांत इतिहासापेक्षा स्वस्त कादंबरीसारखा वाटत होता. एकाच माणसाची जाहीर गोष्ट आणि खाजगी गोष्ट, दोन्ही आपल्यासमोर आहेत.

मग खरं बाहेर कसं आलं? आणि एवढा उशीर का लागला?

इराणमध्ये लोकांना पहिल्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि कागदावर असणं यात फरक असतो, आणि कागदावर यायला ६० वर्षं गेली.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या धोरणाच्या कागदपत्रांची अधिकृत खंडमालिका छापतं, इतिहासाचे अभ्यासक जगभर ती वापरतात. १९५१ ते ५४ च्या इराणचा खंड १९८९ ला आला आणि त्यात सीआयएचा उल्लेखच नव्हता. म्हणजे सरकारने सरकारी इतिहासच कापून छापला. अमेरिकेतल्याच इतिहासकारांनी यावर मोठा आरडाओरडा केला, सल्लागार समितीचे अध्यक्ष वॉरन कोहेन यांनी राजीनामा दिला, आणि १९९१ ला तिथल्या संसदेने कायदाच केला की हे खंड पूर्ण आणि विश्वासार्ह असले पाहिजेत. पुढे १९९३ ला सीआयए प्रमुखाने सांगितलं की आम्ही कागद खुले करू, आणि १९९७ ला कळलं की बरेचसे कागद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नष्ट केलेत. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड येते ती याची. माणसं गेली, सरकार गेलं, देशाचा मार्ग बदलला आणि वर त्याची नोंदसुद्धा जाळून टाकली.

मार्च २००० ला परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी अमेरिकेचा मोठा हात होता असं जाहीर बोलून दाखवलं. पुढच्याच महिन्यात विल्बरचा तो अहवाल न्यूयॉर्क टाइम्सकडे फुटला. ऑगस्ट २०१३ ला सीआयएच्याच एका अंतर्गत दस्तऐवजातून काळ्या शाईखालचा मजकूर मोकळा झाला, त्यात ही कारवाई सीआयएच्या देखरेखीखाली आणि सरकारच्या सर्वोच्च पातळीवरच्या मंजुरीने झाली असं स्पष्ट आहे. आणि जून २०१७ ला त्या १९८९ च्या अर्धवट खंडाला पूरक असा नवीन खंड छापला.

ही कबुली आपोआप आली असं समजू नका, माहितीच्या अधिकारासारखा त्यांचा कायदा वापरून, कोर्टात जाऊन, राजीनामे देऊन ती काढून घेतलीये.

ब्रिटनने कबूल केलं का?

अमेरिकेने जशी सरळ कबुली दिली तशी ब्रिटन सरकारने दिलेली नाही. आणि कागदांच्या बाबतीत ब्रिटनचा इतिहास जास्त वाईट आहे. केनियातल्या माऊ माऊ बंडाच्या वेळी छळ झालेल्या म्हाताऱ्या लोकांनी लंडनच्या कोर्टात केस केली तेव्हा २०११ ला सरकारला कबूल करावं लागलं की हॅन्सलोप पार्कच्या सरकारी आवारात वसाहतींमधून हलवलेल्या हजारो फायली पडून आहेत, ज्यांचा पत्ता कुठल्याच यादीत नव्हता. आणि ज्या आणल्या नाहीत त्यातल्या कितीतरी देश सोडताना जाळल्या किंवा समुद्रात बुडवल्या, तशा लेखी सूचना होत्या. २०१३ ला पाच हजारांहून जास्त केनियन लोकांना भरपाई द्यावी लागली. ब्रिटिश साम्राज्य शिस्तीत, कागदोपत्री चोख निघून गेलं असं जे आपल्याकडेही अजून बरेच जण मानतात त्यांनी हे प्रकरण वाचायला पाहिजे.

म्हणजे सगळं सीआयएनेच केलं? इराणी लोकांचा काहीच हात नव्हता?

नाही, आणि इथे मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचंय. मोसद्देकची स्वतःची आघाडी १९५३ पर्यंत फुटली होती. अयातोल्ला काशानी, जे राष्ट्रीयीकरणाच्या वेळी त्यांच्यासोबत होते, ते विरोधात गेले होते. बाजारातले व्यापारी कोंडीला कंटाळले होते, सैन्यातले काढून टाकलेले अधिकारी चिडलेले होते, आयातोल्ला बेहबहानीची माणसं १९ तारखेच्या गर्दीत होती. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की मोसद्देक आतल्याच लोकांनी पाडले आणि सीआयएने नंतर फुशारकी मारली. रूझवेल्टने आपलं काम फुगवून सांगितलं हे मलाही पटतं. पण शहाच्या हातून फर्मानावर सही करून घेणं, पैसे, पेपर, अधिकाऱ्यांचं जाळं, पहिला प्रयत्न फसल्यावर परत उभं राहणं, हे परक्यांशिवाय जुळलं नसतं.

आजचं इराणचं सरकार १९५३ चं नाव सारखं घेतं, पण त्यात मुल्लांचा हात काय होता यावर गप्प बसतं. मोसद्देक धर्मनिरपेक्ष राष्ट्रवादी होते म्हणून या सरकारला ते कधीच पूर्ण आपले वाटले नाहीत. ऑफिशियल इतिहास तेहरानमध्येही असतो, फक्त वॉशिंग्टनमध्येच असतो असं नाही.

मोसद्देक स्वतःच हुकूमशहा होत चालले होते असं वाचलं.

त्यात तथ्य आहे. ऑगस्ट १९५३ च्या सुरुवातीला त्यांनी संसद बरखास्त करायला सार्वमत घेतलं, हो साठी वेगळी जागा आणि नाही साठी वेगळी, म्हणजे कोण कुठे मत देतंय सगळ्यांना दिसणार, आणि निकाल ९९ टक्क्यांच्या वर. हे चुकीचं होतं. पण त्या संसदेतले खासदार परदेशी पैशाने विकत घेतले जात होते हेही तितकंच खरं, आणि एका पंतप्रधानाची चूक म्हणून दुसऱ्या देशाला त्याचं सरकार पाडायचा हक्क मिळत नाही.

त्यांचं पुढे काय झालं?

लष्करी कोर्टात खटला, ३ वर्षं तुरुंग आणि नंतर इराणमधल्याच अहमदाबाद नावाच्या गावात नजरकैद, मार्च १९६७ ला मरेपर्यंत. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमींना १९५४ ला गोळ्या घातल्या.

१९७९ च्या क्रांतीशी याचा खरंच संबंध आहे का?

आहे, पण सरळ रेषेत नाही, मध्ये २५ वर्षं आहेत. त्या २५ वर्षांत शहाने विरोधी पक्ष संपवले, १९५७ ला सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी केली, मोसद्देकच्या लोकांना तोंड उघडू दिलं नाही. मग बोलायची जागा उरली ती मशिदीत. नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेली तेव्हा एक भीती अशी होती की १९५३ सारखं याच इमारतीतून परत शहाला आणतील. अमेरिकन जनतेला ४४४ दिवस टीव्हीवर ओलीस दिसले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना १९५३ माहीतच नव्हतं, त्यामुळे त्यांना ते निव्वळ वेडेपण वाटलं.

यात आपला काय संबंध?

जॉन फॉस्टर डलेसपासूनच सुरू करू. १९५५ ला पुण्यातून गोवा विमोचन सहायक समितीच्या तुकड्या निघत होत्या, मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गेले, १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्याच वर्षी २ डिसेंबरला याच डलेसने पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यासोबत संयुक्त पत्रक काढलं आणि गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं, नंतर पत्रकारांनी विचारल्यावर ४०० वर्षं त्यांच्याकडे आहे असंही सांगितलं. स्वातंत्र्याची भाषा करणारा देश वसाहतीची बाजू घेतो कारण पोर्तुगाल नाटोत आणि अझोर बेटांवर अमेरिकेचा विमानतळ. डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात गेलं तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तानने भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला, ७ विरुद्ध ४, आणि सोव्हिएत व्हेटोने तो पडला. विरोधात मत देणाऱ्यांत सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त होते, हे आपण विसरायला नको.

१९७१ तर सगळ्यांना माहीत असतं, सातवं आरमार वगैरे. पण त्याआधीचं बघा. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्यातला अमेरिकन कौन्सल जनरल आर्चर ब्लड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या सरकारला तार केली की इथे कत्तल चालू आहे आणि आपण गप्प बसून नैतिक दिवाळखोरी दाखवतोय. त्याची बदली झाली. निक्सनने स्वतःच्या हाताने लिहिलं की याह्यावर सध्या दबाव आणू नका. कारण पाकिस्तानचा अध्यक्ष याह्या खान निक्सनचा सल्लागार किसिंजरला गुपचूप चीनला पोहोचवत होता. हे आपल्याला कोणी भारतीय वक्त्याने सांगितलं म्हणून खरं नाही, निक्सनच्याच टेप आणि फायलींत आहे.

हे फक्त अमेरिका-ब्रिटनच करतात का? रशिया, चीन धुतल्या तांदळासारखे?

अजिबात नाही. १९४० ला सोव्हिएत पोलिसांनी कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून २० हजारांहून जास्त पोलिश अधिकारी आणि कैदी मारले आणि १९९० पर्यंत, पन्नास वर्षं, जर्मनांनी केलं म्हणून सांगत राहिले. १९५६ ला बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले आणि त्याला मदत म्हटलं. चीनमध्ये १९८९ च्या तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडाबद्दल अजून बोलता येत नाही. गोव्यात आपल्या बाजूने व्हेटो टाकला तो सोव्हिएत युनियनने, बरोबर, त्याचा फायदा आपल्याला झाला, पण म्हणून कातिन पुसलं जात नाही. आपल्याकडे बरेच जण अमेरिकेवर अविश्वास म्हणजे रशियावर विश्वास असं करून टाकतात, ते मला पटत नाही.

आणि आपलं सरकार?

१९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ ला तयार झाला आणि सरकारने तो अजून जनतेसमोर ठेवलेला नाही, पक्ष कुठलाही सत्तेत असो. दुसऱ्यांचे कागद मागायचे आणि आपले कपाटात ठेवायचे हे बरोबर नाही.

मग सगळं कटच समजायचं का? चंद्रावर माणूस उतरला तोही?

नाही. इराणचं प्रकरण आपण मानतो कारण तार आहे, बजेट आहे, अंतर्गत अहवाल आहे, दोन देशांच्या माणसांच्या आठवणी एकमेकींशी जुळतात, आणि शेवटी करणाऱ्यानेच मान्य केलंय. चंद्रावर उतरण्याच्या विरोधात असलं काहीही नाही, उलट तेव्हाच्या शत्रूने, सोव्हिएत युनियननेही ते नाकारलं नाही. फॉरवर्डमध्ये "हे तुम्हाला कोणी सांगणार नाही" असं असेल आणि खाली तारीख, खातं, माणूस काहीच नसेल तर ते पुढे पाठवू नका. अशा फॉरवर्डमुळे खऱ्या गोष्टींचंही नुकसान होतं, कारण मग कोणीही म्हणतं, अरे हे पण व्हॉट्सअ‍ॅपवालंच असेल.

युद्धाची ताजी बातमी आली की मी काय बघू?

मी तीन गोष्टी बघतो. घाई किती आहे, पुरावा दाखवतायत की वर्णन करतायत, आणि बातमी देणारा कोणाच्या पगारावर आहे. ४ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसरा हल्ला झाला असं सांगून तीन दिवसांत अमेरिकन संसदेत व्हिएतनाममध्ये बळ वापरायचा ठराव पास झाला, खालच्या सभागृहात एकही विरोधी मत नाही. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता हे त्यांच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकाराने लिहिलं आणि २००५ ला ते खुलं झालं, तोवर व्हिएतनाम होऊन गेलं होतं. ऑक्टोबर १९९० ला एका कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकली, नंतर कळलं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी आणि सगळी तयारी एका जनसंपर्क कंपनीची. इराकने कुवेतवर हल्ला केला होता हे खरंच होतं, त्यासाठी ही गोष्ट रचायची गरजच नव्हती. आणि ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलने सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली, चित्रं, फोटो नाही, तीही एका निर्वासिताच्या सांगण्यावरून काढलेली ज्याच्यावर जर्मन गुप्तचरांचाच भरवसा नव्हता. शस्त्रं सापडली नाहीत.

तेव्हा ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी युद्धाच्या आधीच राजीनामा दिला होता. सरकारच्या आतून कोणी राजीनामा देत असेल तर त्याचं भाषण पूर्ण वाचायचं, हेही मी नेहमी सांगतो.

कागद स्वतः वाचायचे असतील तर कुठून सुरुवात करू? इंग्रजी फार चांगलं नाही.

अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाच्या वेबसाईटवर २०१७ चा इराण खंड फुकट आहे. सुरुवातीपासून वाचायला जाऊ नका, कंटाळाल. ऑगस्ट १९५३ च्या तारांवर जा, त्या छोट्या असतात, पाच-सहा ओळींच्या, इंग्रजी साधं असतं, फोनचं ट्रान्सलेट लावलं तरी कळतं. १६ ते २० ऑगस्टच्या तारा तारखेप्रमाणे वाचा, कुठे "अजून वर्गीकृत" म्हणून ओळी गाळल्यात त्याही बघा. मग १९७१ चा दक्षिण आशियाचा खंड घ्या, तो आपल्या ओळखीच्या नावांचा आहे म्हणून सोपा जातो.